खडक फोडणारा आणि लेख लिहिणारा

नागपूरच्या काटोल रोडवर गिट्टीखदान नावाची वस्ती आहे. शहराची पश्चिम बाजू, म्हणजे सेमिनरी हिल्स, अंबाझरी, सीताबर्डीची टेकडी, काळ्या बेसाल्टवर बसलेली आहे. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पूर्वेकडे गेलात की बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुना नाइस नावाचा पट्टेदार खडक लागतो. कामठीकडे वळलात तर गोंडवाना काळातला वालुकाश्म. एका शहरात तीन जातींचे खडक, म्हणून पाण्याचे हिशेबही तीन. शेजाऱ्याला पाणी लागले म्हणून आपल्यालाही लागेल, ही आशा इथे बऱ्याचदा महागात पडते.

बेसाल्टचा हिशेब जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. अखंड, भेगा नसलेल्या बेसाल्टमध्ये पाणी जवळजवळ नसतेच. ते असते वरच्या झिजलेल्या मुरमात, लाव्हाच्या थरांच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या असतील तर त्यांत, आणि भेगांत. भूजलाच्या सरकारी अंदाजपद्धतीत झिजलेल्या किंवा भेगाळ बेसाल्टमधून निथळणाऱ्या पाण्याचे प्रमाण २ टक्के धरतात. एक घनमीटर भिजलेल्या खडकातून साधारण २० लिटर पाणी निथळते. लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात ठेवतात तो एक जार. तेवढ्यासाठी अडीच टनांच्या आसपास दगड! वाळूमिश्रित गाळात हाच आकडा १६ टक्के धरला जातो.

आता हत्याराकडे येऊ. छिन्नी दगड कापते असे आपण म्हणतो, पण बेसाल्टमधली खनिजे कडकपणात पोलादाच्या बरोबरीची. छिन्नी दगडात शिरते ती सुरीसारखी नव्हे, तडा पाडून. खडक दाब प्रचंड सोसतो, ताण मात्र साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच. पाथरवट एका रेषेत भोके पाडतो, त्यांत पाचरी ठोकतो, आणि दगड आतून ताणला जाऊन सरळ दुभंगतो. बोअरच्या गाडीवरही तत्त्व हेच. भोकाच्या तळाशी हवेच्या दाबावर चालणारा हॅमर बिटवर, म्हणजे खडकाला भिडणाऱ्या टोकावर, घाव घालत राहतो, बिटवरची टंगस्टन कार्बाइडची बटणे खडकाचा चुरा करतात, आणि तीच हवा चुरा वर फेकते.

दगड जिथे फुटायला सोपा, तिथेच भेगा. आणि भेगा तिथे पाण्याची शक्यता. म्हणून खडक फोडणाऱ्याला जे कळते, ते भूजलशास्त्रज्ञाला हवे असते. गाडीवरचा ऑपरेटर भोकात उतरणाऱ्या प्रत्येक रॉडला लागणारा वेळ बघतो, हॅमरचा आवाज ऐकतो, चुऱ्याचा रंग आणि ओल हाताने पाहतो. एकट्या वेगावर विसंबता येत नाही. दोन लाव्हाथरांच्या मधल्या लाल मातीत बिट भराभर उतरते, पण पाणी मिळते थोडेच. तो फरक त्याला चटकन कळतो. त्याच्याआधी सब्बल, घन आणि छिन्नी घेऊन विहिरी खणणाऱ्या वडार आणि बेलदार मंडळींनाही तो कळत होता.

ही सगळी माहिती कागदावर येते तेव्हा तिला लॉग म्हणतात: किती खोलीवर काय लागले, किती वेळात उतरले, पाणी किती इंच. असे लॉग गोळा करून खडकाचे नकाशे होतात, शोधनिबंध होतात. निबंधावर नावे असतात प्राध्यापकाची आणि विद्यार्थ्याची. ऑपरेटर झालाच तर शेवटच्या आभारांत, बहुधा ‘स्थानिकांचे सहकार्य’ या शब्दांत.

नाव कोणाचे लागावे, हा प्रश्न नागपूरला नवा नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी या परिसराच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लिहिलेला लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. नागपूरच्या दक्षिणेकडे मांगलीला सापडलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन त्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केले, आणि ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावापुढे कायमचे लागले ते ओवेन. प्राणिशास्त्राचा नियमच तसा आहे: वर्णन छापणारा तो कर्ता, दगड फोडून कवटी काढणारा नव्हे. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना १८६३ मध्ये हिस्लॉप पुरात बुडाले. त्यांनी जमवलेले गोंडांविषयीचे कागद १८६६ मध्ये ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी संपादून छापले. त्यात परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या पारंपरिक गायकाकडून, उतरवून घेतलेले त्यांच्या आद्यपुरुषाचे, लिंगोचे, गीतही आहे. ग्रंथ मात्र ओळखला जातो तो हिस्लॉप-टेंपल या जोडीने.

आजचे नियम काय म्हणतात? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट १९७८ मध्ये व्हँकुव्हरला भेटला, त्यातून पुढे लेखकत्वाच्या अटी घडत गेल्या. आज त्या चार आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात मोलाची सुधारणा करणे, अंतिम मजकुराला संमती, आणि कामाची जबाबदारी. इतर शास्त्रांतही याच धर्तीवर विचार होतो. इंग्रजी मसुदा न वाचणारा ऑपरेटर दुसऱ्याच अटीला अडकतो. ‘क्रेडिट’ नावाच्या दुसऱ्या पद्धतीत योगदानाच्या १४ भूमिका आहेत आणि माहिती गोळा करणे ही त्यांतली एक. तिथे त्याला जागा निघू शकते.

प्रत्येक ऑपरेटरला सहलेखक करा, असे माझे म्हणणे नाही. तो उदारपणा स्वस्त आहे. माझा मुद्दा आकड्यांचा आहे. रॉड किती वेळात उतरला हे खडकावर जितके अवलंबून, तितकेच बिट किती झिजले होते, कॉम्प्रेसरचा दाब किती होता आणि लिव्हर कोणाच्या हातात होता यावरही. या गोष्टी न नोंदवता दोन बोअरचे वेग शेजारी मांडले, तर नकाशावर खडकाचा म्हणून दाखवलेला फरक खरे तर बिटचा असू शकतो. पुरातत्त्वाचे लोक याबाबत जास्त सावध वाटतात. विदर्भातल्या महापाषाणी, म्हणजे मोठ्या शिळा रचून केलेल्या प्राचीन, दफनांत लोखंडी छिन्न्या आणि कुऱ्हाडी मिळाल्या आहेत, काटोल रोडवरच्या जुनापाणीच्या शिळांवर ठोकून केलेले खळगे आहेत, आणि अशा घावांवरून हत्यार ओळखायची पद्धत त्यांनी बसवली आहे. आपल्या डोळ्यांदेखत चाललेल्या बोअरच्या हत्याराची नोंद तर त्याहून सोपी.

नोंद ठेवायची तर पूर्ण ठेवावी. ऑपरेटरला पैसे फुटावर मिळतात. आणखी पन्नास फूट गेलो तर पाणी लागेल, असे तो सांगतो तेव्हा त्यात अनुभव असतो आणि मजुरीही असते. प्राध्यापकाकडून बहुतेक नियतकालिके हितसंबंधांचे निवेदन लिहून घेतात. लॉगच्या कागदावर ऑपरेटरच्या नावाशेजारी फुटाचा दर लिहायला एक रकाना पुरेल.