कॅम्परव्हॅनची सर्व्हिसिंग: मेन डीलरकडे की बाहेरच्या गॅरेजात?

ब्रिटनमध्ये कॅम्परव्हॅन घेतलेल्या आपल्या मंडळींना वर्षभराच्या आत हा प्रश्न पडतोच: सर्व्हिसिंग कंपनीच्या मेन डीलरकडेच करायची, की जवळच्या गॅरेजात चालेल? भारतात गाड्या वापरून आलेल्यांच्या मनात उत्तर आधीच तयार असतं. बाहेरच्या माणसानं हात लावला की वॉरंटी गेली. म्हणून वॉरंटी असेपर्यंत कंपनी, आणि ती संपली की ओळखीचा मेकॅनिक. साध्या मोटारीला हा हिशेब बऱ्यापैकी चालून जातो. कॅम्परव्हॅन मात्र वर्षातले कितीतरी महिने नुसती उभी असते, तिच्या पोटात गॅस, पाणी आणि दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात, आणि पुष्कळदा ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून बनवलेली असते. त्यामुळे इथं ‘कोणाकडे जाऊ’ याआधी ‘कोणतं काम करून घ्यायचंय’ हे विचारावं लागतं.

पहिली गफलत ‘मेन डीलर’ म्हणजे नेमका कोणाचा डीलर, इथंच होते. स्विफ्ट किंवा ऑटो-ट्रेल या ब्रिटिश मोटरहोम कंपन्यांची गाडी घेतली, तर खालची गाडी बहुतेक वेळा फियाट डुकाटो असते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांची वॉरंटी फियाटची. वरचं घर, म्हणजे भिंती, खिडक्या, फ्रिज, हीटर, पाण्याची टाकी, याची वॉरंटी घर बांधणाऱ्याची. ज्या शोरूममधून आपण ती चमकदार मोटरहोम घेऊन आलो, तो घराचा डीलर. इंजिनचा दिवा लागला तर त्याच्याकडे जाऊन उपयोग नाही, फियाटच्या व्यावसायिक गाड्यांचा डीलर गाठावा लागतो. फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर घेऊन एखाद्या छोट्या कारखान्याकडून आत पलंग-कपाटं बसवून घेतली असतील, तरी तेच. फोक्सवॅगनचा व्हॅन सेंटर इंजिनाबद्दल बोलेल. वर उचलणारं छप्पर गळतंय म्हटलंत तर ते ज्यानं बसवलं त्याच्याकडे पाठवेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ठळक अपवाद फोक्सवॅगन कॅलिफोर्नियाचा. ती कंपनी स्वतःच बनवते, त्यामुळे छप्परापासून चाकापर्यंत सगळं एकाच दारात सोपवता येतं. कॅलिफोर्निया नवी असेल तर मेन डीलरच्या बाजूनं हा मोठा मुद्दा आहे.

दुसरी गफलत ‘बाहेरचं गॅरेज’ या शब्दात आहे. नाक्यावरचं सगळ्या गाड्या घेणारं गॅरेज वेगळं, आणि फक्त फोक्सवॅगनच्या व्हॅन किंवा फक्त फियाट डुकाटो आणि तिची जुळी बहीण पेजो बॉक्सर करणारा स्पेशालिस्ट वेगळा. दोन्ही स्वतंत्र, दोन्ही स्वस्त, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक. यापुढे मी ‘स्पेशालिस्ट’ म्हणेन तेव्हा हा दुसराच माणूस धरावा.

आता वॉरंटीची भीती. ब्रिटनमध्ये १ जून २०२३ पासून मोटार व्हेइकल ब्लॉक एक्झेम्प्शन ऑर्डर, म्हणजे मोटार कंपन्यांना काही अटींवर स्पर्धा कायद्यातून सवलत देणारा आदेश, लागू आहे. त्याआधी युरोपीय संघाचा जवळपास तसाच नियम होता. ‘सर्व्हिसिंग आमच्याकडेच कराल तरच वॉरंटी’ अशी अट घालणाऱ्या निर्मात्याला स्पर्धा कायद्यातली सवलत मिळत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा, की कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे, योग्य दर्जाचे पार्ट आणि नेमून दिलेलं ऑइल वापरून बाहेर सर्व्हिसिंग केली आणि त्याची नोंद ठेवली, तर केवळ त्या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. (भारतातही हा वाद झाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हे त्यातलं मुख्य कारण. प्रकरण पुढे कोर्टकचेरीत गेलं, पण आपली जुनी समजूत कुठून आली हे त्यावरून कळतं.) दोन गोष्टी मात्र वेगळ्या धरायच्या. वॉरंटीत बसणारा बिघाड फुकट दुरुस्त करून घ्यायचा तर अधिकृत डीलरकडेच जावं लागतं. आणि वरून पैसे देऊन घेतलेल्या वाढीव वॉरंटीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या नीट वाचायच्या.

मग मेन डीलरकडे जावंच कशाला? तीन कारणं खरी आहेत. पहिलं, रिकॉल, म्हणजे दोष सापडल्यावर कंपनीनं गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं. गाडी कितीही जुनी असो, सुरक्षेचं रिकॉल अधिकृत डीलर फुकट करतो, आणि आपल्या गाडीवर एखादं बाकी आहे का हे सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून दोन मिनिटांत कळतं. दुसरं, सॉफ्टवेअर. कंपनीनं काढलेले अपडेट डीलरला आपसूक दिसतात. बाहेरच्याला त्यासाठी पैसे भरून कंपनीच्या यंत्रणेत शिरावं लागतं. अलीकडच्या फियाटमध्ये तर नोंदणी केलेल्या उपकरणाशिवाय कॉम्प्युटरमधला साधा फॉल्टही पुसता येत नाही.

तिसरं कारण सगळ्यात कमी बोललं जातं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं आहे: गुडविल. वॉरंटी संपून थोडेच महिने झालेत आणि गिअरबॉक्स गेला, तर कंपनी खर्चाचा काही भाग स्वतःहून उचलू शकते. तिच्यावर बंधन नाही, तो तिच्या मर्जीचा भाग. आणि ती मर्जी ठरवताना पहिली नजर जाते ती सर्व्हिसिंगच्या नोंदीवर: सगळे शिक्के अधिकृत डीलरचे आहेत का? ब्लॉक एक्झेम्प्शन इथं कामाला येत नाही, कारण हक्काचा प्रश्नच नाही. नव्या गाडीची पहिली चार-पाच वर्षं डीलरकडे काढावीत असं मी सांगतो ते यासाठीच.

पण डीलरचा माणूस काम करतो तो कंपनीचा सर्व्हिसिंगचा तक्ता समोर ठेवून, आणि तक्ता रोज धावणाऱ्या डिलिव्हरी व्हॅनसाठी आखलेला असतो. याचं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. ट्रान्सपोर्टर किंवा कॅलिफोर्नियाच्या फोर-मोशन (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) मॉडेलमध्ये मागच्या चाकांना ताकद पोचवणारा हॅल्डेक्स नावाचा क्लच असतो. त्याचं तेल साधारण दर तीन वर्षांनी बदलायचं, हे तक्त्यात आहे. नव्या, पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्समध्ये एक छोटा विजेचा पंप आहे आणि त्या पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी. क्लचच्या चकत्या झिजून जो काळा चिखल होतो तो त्या जाळीवर बसत जातो. तेल काढून नवं भरलं तरी चिखल तिथंच राहतो. जाळी तुंबली की पंपावर ताण येतो आणि एक दिवस तो जळतो. जाळी साफ करायची तर पंप बाहेर काढावा लागतो. काम फार मोठं नाही, पण तक्त्यात ते नाही, म्हणून डीलरकडे सहसा होत नाही. स्पेशालिस्ट ते आपण न सांगताही करतो, कारण जळलेले पंप त्यानं बदललेले असतात. आणि हा बिघाड कळतो कुठं? ओल्या गवतावर. लेक डिस्ट्रिक्टमध्ये रात्रभर पाऊस पडून गेलाय, व्हॅन साइटवरून काढायचीय, पुढची चाकं जागच्या जागी फिरतायत आणि मागची ढिम्म हलत नाहीत.

डुकाटोवाल्यांसाठीही असंच एक ठिकाण आहे. २००६ मध्ये आलेल्या डुकाटोच्या पुढच्या काचेखाली जी प्लास्टिकची पट्टी आहे, तिच्या फटीतून पावसाचं पाणी थेट इंजिनवर, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांच्या आसपास ठिबकतं. रोज चालणाऱ्या व्हॅनमध्ये ते उष्णतेनं सुकतं. हिवाळाभर ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या मोटरहोममध्ये साचतं, गंज धरतो आणि पुढे इंजेक्टर निघता निघत नाहीत. या गाड्या ओळखणारा माणूस बॉनेट उघडल्याबरोबर आधी तिथं बघतो.

उभं राहण्याचा हा मुद्दा सगळ्याच कॅम्परना लागू आहे. वर्षाला तीन-चार हजार मैल झाले म्हणजे गाडी नवी राहिली असं नाही. टायमिंग बेल्टचं रबर आणि ब्रेक ऑइल यांचं वय वर्षांनी वाढतं, मैलांनी नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. बेल्ट बदलताना वॉटर पंपही बदलून घ्यायचा, कारण मजुरी एकदाच पडते. टायरची नक्षी भरपूर शिल्लक असते आणि बाजूनं मात्र तडे गेलेले असतात. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. ते स्वतः बघा, कोणी सांगेल याची वाट बघू नका.

पैशांचं थोडक्यात. डीलरची ताशी मजुरी स्पेशालिस्टच्या दुप्पट असणं नवलाचं नाही. पण साध्या सर्व्हिसिंगला अनेक डीलर तीन वर्षांवरच्या गाड्यांसाठी ठरावीक भाव ठेवतात आणि तो कधी कधी बाहेरच्या इतकाच निघतो. फरक पडतो तो बेल्ट, क्लच, सस्पेन्शन अशा मोठ्या कामात. व्हॅनच्या डीलरचे गिऱ्हाईक मुख्यतः धंदेवाले, म्हणून तिथला भाव बऱ्याचदा व्हॅट सोडून सांगतात. आपल्याला त्यावर २० टक्के भरायचेत, हे फोनवरच विचारून घ्यावं.

जागेचा प्रश्न लोक विसरतात. उंच छपराची डुकाटो अडीच मीटरच्या आसपास जाते आणि वर घर बांधलेली मोटरहोम तीन मीटरकडे सरकते. वजन बहुतेक वेळा साडेतीन टनांपर्यंत. फोनवर ‘हो, आणा’ म्हणणाऱ्या गॅरेजात ती दारातूनच आत जात नाही, किंवा आत गेली तरी लिफ्टवर पूर्ण वर घेता येत नाही. उंची, लांबी आणि वजन आधी कळवा. नेताना पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, गॅसची बाटली बंद करा, कपाटांना कड्या लावा, सायकली उतरवा. आणि चाकांच्या नटाचं लॉकिंग सॉकेट कुठल्या खणात आहे ते सांगून ठेवा, नाहीतर मेकॅनिकचा अर्धा तास शोधण्यात जातो आणि तो आपल्याच बिलात येतो.

एमओटी (ब्रिटनमधली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) आणि सर्व्हिसिंग यांची गल्लतही थांबवायला हवी. एमओटीत गाडी आज रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का एवढंच बघतात. इंजिन आतून कसं आहे, क्लच किती उरलाय, याच्याशी तिचा संबंध नाही. मोटर कॅराव्हॅन, म्हणजे आपली कॅम्पर किंवा मोटरहोम, वजनानं कितीही असली तरी ती एमओटीच्या चौथ्या वर्गातच, साध्या मोटारींसोबत येते, कमाल शुल्क ५४.८५ पौंड, मात्र तिथंही जागेचा प्रश्न तोच.

आणि घराची तपासणी मूळ गाडीचा डीलर किंवा स्पेशालिस्ट या दोघांपैकी कोणाचंच काम नाही. तिला इथं हॅबिटेशन चेक म्हणतात: भिंतीतली ओल मीटरनं मोजायची, गॅसची नळी आणि रेग्युलेटरच्या तारखा बघायच्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतो का, फ्रिज गॅसवर पेटतो का, घराची बॅटरी चार्ज धरते का. अप्रूव्हड वर्कशॉप स्कीममधल्या कार्यशाळा हे करतात आणि काही तंत्रज्ञ घरी येऊनही करतात. ओलीची वॉरंटी टिकवायची तर हा चेक बहुतेक निर्माते दरवर्षी मागतात. इंजिनची सगळी बिलं जपून ठेवलेल्या माणसाचा ओलीचा दावा केवळ या एका कागदावाचून फेटाळला जाऊ शकतो, म्हणून याबाबत मी आग्रही आहे. गॅसच्या जोडणीला हात लावायचा असेल, तर एलपीजीची पात्रता असलेला, गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) मध्ये नाव असलेलाच माणूस हवा. लहान मुलं त्या गाडीत झोपतात.

तर माझं मत असं. नवी गाडी: पहिली चार-पाच वर्षं मूळ गाडीची सर्व्हिसिंग मेन डीलरकडे, शिवाय दरवर्षी हॅबिटेशन चेक. त्यानंतर त्या इंजिनाचा स्पेशालिस्ट शोधा, मग तो दीड तासाच्या अंतरावर का असेना. वर्षातून एकदा तर जायचं. डीलरकडे फक्त रिकॉल आणि सॉफ्टवेअर. नाक्यावरचं गॅरेज टायर, एक्झॉस्ट, ब्रेक पॅडला उत्तम आहे, आणि प्रवासात अडलात तर तेच धावून येतं. दहा वर्षांवरच्या व्हॅनला डीलरकडे नेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

स्पेशालिस्ट पारखायला फोनवर दोन प्रश्न पुरतात. एक, ‘माझ्या इंजिनात नेहमी काय बिघडतं?’ ट्रान्सपोर्टरच्या १८० हॉर्सपॉवरच्या बाय-टर्बो (दोन टर्बोंच्या) डिझेलबद्दल विचारलंत आणि समोरच्यानं ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) आणि ऑइल पिण्याचा विषय आपणहून काढला, तर माणूस कामाचा. दोन, ‘ऑइल कुठल्या स्पेसिफिकेशनचं घालता?’ डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) ट्रान्सपोर्टरला बहुतेक वर्षांच्या मॉडेलमध्ये फोक्सवॅगन ५०७ ०० लागतं; ‘चांगलं सिंथेटिक घालतो’ हे उत्तर पुरेसं नाही. काम झाल्यावर बिलावर तारीख, मैल, ऑइलचं स्पेसिफिकेशन आणि पार्टचे नंबर लिहून घ्या. नव्या गाड्यांना सर्व्हिस बुक नसतं, नोंद कंपनीच्या ऑनलाइन खात्यात जाते. ती भरण्याची सोय गॅरेजकडे आहे का, हे गाडी ताब्यात देण्याआधी विचारा, परत घेताना नव्हे.