झुकणाऱ्या चाकाला मोटारीचा टायर

मोटारीचा टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर सहज जातो. मोटारसायकलचा मागचा टायर पंधरा-वीस हजारांत गोटा होतो, आणि जड, ताकदवान गाड्यांचा तर त्याही आधी. शिवाय मोठ्या बाइकच्या टायरची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात ते वेगळंच. मग मागच्या रिमवर सरळ मोटारीचाच टायर चढवला तर?

असं करणारे लोक आहेत. अमेरिकेत होंडा गोल्ड विंगसारख्या चारशे किलोच्या आसपास वजन असलेल्या टूरिंग गाड्यांना मागे मोटारीचा टायर घालणाऱ्यांचा एक पंथच आहे. ते स्वतःला 'डार्कसायडर' म्हणवतात. पुढचा टायर बहुतेक जण मोटारसायकलचाच ठेवतात. आपल्याकडे ही हौस वेगळ्या वाटेनं आली. बुलेट कापून-जोडून तिला चॉपरचं, म्हणजे पुढे लांबलचक दांडे असलेल्या बाइकचं, रूप द्यायचं, मागे मोटारीचा रुंद टायर बसवायचा आणि रील टाकायची. खाली हमखास कुणीतरी लिहितं, 'एवढा रुंद टायर, काय ग्रिप असेल!'

आधी या ग्रिपचा हिशोब करू. टायर रस्त्याला जिथे टेकतो त्या ठशाचं क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: चाकावरचं वजन आणि आतल्या हवेचा दाब. मागच्या चाकावर २०० किलो भार आहे आणि हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार केला की ठसा येतो ८६-८७ चौरस सेंटीमीटर. टायर रुंद घ्या नाहीतर अरुंद, आकडा साधारण तेवढाच राहतो. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. डार्कसायडर मंडळी मोटारीच्या टायरमध्ये हवा कमी ठेवतात, म्हणून त्यांचा ठसा खरोखर मोठा होतो, आणि सरळ रस्त्यावर ब्रेक चांगले लागतात हे त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं. पण दुचाकीची खरी परीक्षा वळणावर असते.

दुचाकी झुकल्याशिवाय वळत नाही. किती झुकायचं ते भौतिकशास्त्र ठरवतं: झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (वळणाची त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण). ताशी ५० किमी वेगानं ४० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर हे उत्तर ०.४९ येतं, म्हणजे गाडी सुमारे २६ अंश कलते. घाटात हे अगदी रोजचं आहे. याचाच दुसरा अर्थ असा की रस्त्यानं टायरला बाजूनं जे बळ द्यायचं ते वजनाच्या ०.४९ पट, जवळजवळ निम्मं. २०० किलो भाराच्या चाकाला ९८ किलोचा आडवा रेटा हवा.

तो येतो कुठून? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

चहाचा कागदी कप टेबलावर आडवा करून ढकला. तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण त्याचं एक तोंड मोठं आणि दुसरं लहान. झुकलेलं चाक असंच एका शंकूचा तुकडा असतं. त्याचा आस खाली वाढवत नेला तर जमिनीला जिथे टेकेल ते त्या शंकूचं टोक. ३० सेंटीमीटर त्रिज्येचं चाक २६ अंश कललं तर ते टोक ठशापासून फक्त ६८ सेंटीमीटरवर येतं. म्हणजे एकट्या चाकाला मोकळं सोडलं तर ते ६८ सेंटीमीटर त्रिज्येचं इवलंसं वर्तुळ काढू पाहील. गाडी मात्र ४० मीटरच्या वर्तुळावर चालली आहे. मग रबराचं काय होतं? ठशाच्या पुढच्या टोकाला रस्त्याला चिकटलेला रबराचा कण खरं तर वाकड्या, वळणाच्या बाहेरच्या बाजूला फुगलेल्या मार्गानं मागे जायला हवा. रस्त्याची पकड त्याला तसं जाऊ देत नाही, जवळपास सरळच मागे ओढत नेते. तेवढ्या छोट्याशा प्रवासात प्रत्येक कण आपल्या नैसर्गिक जागेवरून बाजूला ताणला जातो, आणि या हजारो ताणलेल्या कणांची बेरीज म्हणजे चाकाला वळणाच्या आत ढकलणारं बळ. कलण्यातून मिळणारा हा रेटा, म्हणजे कॅम्बर थ्रस्ट.

आता गंमत बघा. मोटारसायकलच्या चांगल्या टायरमध्ये हा रेटा साधारणपणे वजन गुणिले झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट एवढा भरतो. आणि वळायला लागणारं बळही तेवढंच! जितकं हवं तितकंच आपोआप मिळतं. त्यामुळे टायरला वळणात वाकडं, घसरत चालण्याची गरज जवळजवळ उरत नाही. इटलीतल्या पाडोवा विद्यापीठात व्हित्तोरे कोसाल्तेर यांच्या गटानं फिरत्या तबकडीवर झुकलेले टायर चालवून ही बळं मोजली आहेत.

मोटारीचं चाक वळणातही मोजकेच अंश कलतं. तिचं आडवं बळ येतं दुसऱ्या रस्त्यानं: चाक जिकडे बघतं आणि प्रत्यक्षात जिकडे जातं यांत थोडा कोन पडतो, स्लिप अँगल, आणि त्यातून रबर ताणलं जातं. म्हणून तिचा टायर चपटा, खांदे (नक्षीच्या दोन्ही बाजूंच्या कडा) चौकोनी, रबराच्या आतले पट्टे ताठ. असा टायर २६ अंश कलवला तर कलण्यातून त्याला मिळणारा रेटा कित्येक पटींनी कमी पडतो. उरलेलं बळ स्लिप अँगलमधून काढावं लागतं, म्हणजे मागचं चाक वळणात किंचित वाकडं चालतं. दुचाकीच्या पुढच्या आणि मागच्या चाकाचं जे जुळलेलं असतं ते इथे बिघडतं.

दुसरी भानगड ठशाच्या जागेची. १२० मिमी रुंद गोल टायर २६ अंश कलला की ठसा चाकाच्या मध्यरेषेपासून साधारण २६ मिमी सरकतो. २०५ मिमीचा चपटा टायर कलला की तो आपल्या खांद्यावर उभा राहतो, आणि ठसा आठ-नऊ सेंटीमीटर दूर जाऊ पाहतो. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दबते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण तेवढ्यानंही वजनाचा आधार आतल्या बाजूला जातो आणि गाडी स्वतःहून उभी राहायला बघते. चालवणाऱ्याला अख्ख्या वळणभर आतल्या बाजूचं हँडल पुढे रेटून धरावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे न कलता सरळ चाललेल्या गाडीचीही तीच गत. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांत उंचीचा फरक असेल, डांबराला गाड्यांनी चाकोरी पाडली असेल, तर चपट्या टायरची एकच कड वर चढते, ठसा एका क्षणात बाजूला उडी मारतो आणि गाडी हिसका देते. असे रस्ते आपल्याला शोधायला जावं लागत नाही.

मग डार्कसायडर पडत कसे नाहीत? सर्रास पडत नाहीत हे खरं आहे, आणि ते मान्य करायला हवं. गोल्ड विंग स्पोर्ट्स बाइकइतकी कलत नाही, तिचे पायदान आधी घासतात. अमेरिकेतले सरळसोट लांब महामार्ग, कमी हवा, मऊ पडलेल्या साइडवॉल, यांवर काम भागतं. पण बुलेटची गोष्ट वेगळी. तिच्या मागच्या टायरवर भारांक असतो ६२ च्या आसपास, म्हणजे २६५ किलो. मोटारीच्या टायरवर ९१ लिहिलं असेल तर तो ६१५ किलोसाठी बांधलेला. एवढ्या हलक्या गाडीखाली तो ना नीट दबतो, ना तापतो; आणि कोमट न झालेलं रबर रस्ता नीट धरत नाही.

रिमचा धोका तर सगळ्यांत कमी बोलला जातो. मोटारीच्या आणि मोटारसायकलच्या रिमची कड सारख्या घडणीची नसते, इंच सारखे असले तरी. टायरच्या कडेतली तार जागेवर बसत नाही म्हणून पंक्चरवाला हवा वाढवत जातो, आणि तार तुटली तर टायर त्याच्या तोंडावर फुटतो. भारतात दुचाकी-तिचाकी टायरसाठी आयएस १५६२७ आणि मोटारीच्या टायरसाठी आयएस १५६३३ अशी दोन वेगळी मानकं आहेत, ती उगाच नव्हेत. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती हे आयतं कोलीत.

एवढा खटाटोप करून पुन्हा त्यात 'नायट्रोजन भरून घ्या, थंड राहतो' हा सल्ला असतोच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट मिळतो. दसऱ्याला चाकाखाली चिरडलेल्या लिंबानं जेवढं संरक्षण मिळतं, त्याच्या जवळपासच उरलेल्या २२ टक्क्यांच्या जागीही नायट्रोजन भरण्याचा दुचाकीला उपयोग.

साइडकार जोडलेल्या गाडीला मात्र मोटारीचा टायर शोभतो. ती वळताना कलत नाही, त्यामुळे गोल टायरचा तिला उपयोग नाही आणि चपटा ठसा पूर्ण टेकतो. उलट पियाज्जिओची एमपी-३ तीन चाकांची स्कूटर असूनही कलून वळते, म्हणून तिची तिन्ही चाकं गोल टायरवर चालतात.

चपट्या टायरचा अनुभव घ्यायला रिम बदलायचीही गरज नाही. रोज हायवेवरून कामावर जाणाऱ्या कुठल्याही गाडीच्या मागच्या टायरवर आडवा तळहात फिरवून बघा. मधला पट्टा झिजून सपाट झालेला असतो, आणि दोन्ही बाजूंना, जिथे खांदा सुरू होतो, तिथे बोटाला कड लागते. अशी गाडी वळणावर आधी कलायला नाखूश असते, मग त्या कडेवरून एकदम आत पडते. नक्षी अजून शिल्लक दिसत असली तरी तो टायर बदला.