'द शॅडो'चा पहिला आवाज ऑर्सन वेल्सचा नव्हे

अमेरिकन रेडिओवरच्या 'द शॅडो' या गुन्हेगारांच्या कर्दनकाळाला पहिला आवाज अभिनेता-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने दिला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. ३१ जुलै १९३० रोजी हा आवाज प्रथम घुमला तेव्हा वेल्स १५ वर्षांचा होता! शॅडो तेव्हा नायकही नव्हता, गुन्हेकथांचा नुसता निवेदक. आधी जेम्स ला कर्टो, मग फ्रँक रीडिक. अंगावर काटा आणणारं ते हसू रीडिकचं, आणि त्याचंच नाव मागे पडावं याचं खरंच वाईट वाटतं. श्रोते स्टॉलवर शॅडोचं मासिक मागू लागले, म्हणून १९३१ मध्ये ते निघालं. वेल्स आला १९३७ मध्ये; वर्षभरात कार्यक्रम सोडूनही गेला. त्याच्या भागांतही सुरुवातीला रीडिकचंच ध्वनिमुद्रण वाजत असे.