लघुग्रह सापडला, नोंदणी आणि नाव कसं मिळतं?

मुख्य पट्ट्यातला, म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधला लघुग्रह शोधायला पदवी, वय किंवा नागरिकत्वाची अट नाही. शुल्कही नाही. पैसे भरा, लघुग्रहाला नाव देतो, असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. अधिकृत नाव विकत मिळत नाही.

आधी लागतो वेधशाळेचा तीन अक्षरी संकेतांक. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या वतीने मायनर प्लॅनेट सेंटर तो देतं. त्यासाठी क्रमांक मिळालेल्या लघुग्रहांची मोजमापं पाठवून आपली अचूकता दाखवावी लागते.

कागदपत्रं म्हणजे इथे वेधच: विषुवांश आणि क्रांती (आकाशातलं स्थान सांगणारे दोन कोन), तेजस्विता आणि नेमकी वेळ. घड्याळ चुकलं तर सगळंच चुकलं. एका रात्रीचे वेध पुरत नाहीत, किमान दोन रात्री लागतात. मग तात्पुरतं नाव मिळतं. उदाहरणार्थ, १९९९ व्हीडी५७. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पुढचं अक्षर आणि आकडा त्या पंधरवड्यातला क्रम सांगतात. आय हे अक्षर वगळून पंचवीस अक्षरांच्या सत्तावन्न फेऱ्या झाल्या आणि पुढचं चौथं अक्षर डी, म्हणून हा १४२९ वा.

खरी कसोटी यापुढे. कक्षा पक्की व्हायला साधारण चार प्रतियुतींचे वेध लागतात, म्हणजे काही वर्षं. प्रतियुती म्हणजे पृथ्वीवरून पाहता लघुग्रह सूर्याच्या विरुद्ध बाजूला येण्याचा काळ. मगच कायमचा क्रमांक मिळतो आणि शोधकही तेव्हाच ठरतो. नियम नीट वाचा, इथेच अनेकांचा गैरसमज होतो: ज्या प्रतियुतीतला दुसऱ्या रात्रीचा वेध सर्वांत आधी कळवला गेला, त्या प्रतियुतीतला पहिला वेध कळवणारा शोधक. म्हणून पहिल्या रात्रीच्या आनंदात दुसरी रात्र चुकवू नका.

क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षं नाव सुचवण्याचा हक्क शोधकाचा. नाव रोमन लिपीत जास्तीत जास्त सोळा अक्षरांचं, उच्चारता येईल असं, आधीच्या नावांशी फार न जुळणारं हवं. राजकीय किंवा लष्करी व्यक्तीचं नाव तिच्या मृत्यूला शंभर वर्षं झाल्यावरच. व्यापारी नावं चालत नाहीत, पाळीव प्राण्यांचीही टाळावीत. सोबत नावामागचं कारण थोडक्यात लिहायचं. ते मनापासून लिहा, कारण नावासोबत तेच छापलं जातं.

निर्णय संघाचा नामकरण कार्यगट घेतो. वर उल्लेखलेला लघुग्रह १९९९ मध्ये सापडला, डिंकिनेश हे नाव त्याला २०२३ मध्ये मिळालं. कार्यगटाच्या बुलेटिनमध्ये छापून येईपर्यंत कोणतंही नाव अधिकृत नसतं.