बाग लावली, काटा हलला नाही

मुळा उपटायला फारशी ताकद लागत नाही, पण हे दुसरीतल्या मुलाला कोण पटवणार? दोन्ही हातांनी पाला धरून, दातओठ खात तो ओढतो आणि मुळा सुटला की धपकन मागे बसतो. मग चड्डीला माती पुसून तिथंच कचकन चावा. घरी हाच मुलगा मुळ्याची कोशिंबीर ताटाच्या कडेला सारतो. शाळेच्या परसबागेत हे पाहिलं, की मुलांच्या लठ्ठपणावरचा उपाय हाती लागला असं वाटायला लागतं.

अमेरिकेत ही कल्पना नीट तावूनसुलाखून तपासली गेली. जेमी डेव्हिस या संशोधिकेनं आधी लॉस एंजेलिसमधल्या ४ शाळा घेतल्या. शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदा दीड तास, असे १२ आठवडे. मुलं बहुतेक लॅटिनो, म्हणजे मेक्सिको वगैरे भागांतून आलेल्या कुटुंबांतली. त्यांनी वाफे केले, भाजी लावली, तीच चिरून शिजवली आणि एकत्र बसून खाल्ली. शेवटी टेप लावून पाहिलं, तर मुलांच्या कमरेचा घेर सरासरी एक सेंटिमीटरहून थोडा जास्त उतरला होता. प्रयोगात नसलेल्या मुलांचा उतरला नव्हता. आनंदीआनंद!

मग हाच प्रयोग मोठा करून टेक्सासमध्ये नेला. ऑस्टिन भागातल्या १६ प्राथमिक शाळा, तीन हजारांवर मुलं, नऊ महिन्यांच्या शालेय वर्षात एकेका तासाचे १८ पाठ, शिवाय पालकांसाठी वेगळे वर्ग. निम्म्या शाळांत बाग आधी झाली, उरलेल्यांत नंतर, म्हणजे तुलना करता येईल. २०२१ साली निकाल छापून आला. भाजी खाणं वाढलं, तेही दिवसाला साधारण अर्ध्या वेळेनं, म्हणजे दोन दिवसांत एक वेळ जास्त. वजन, उंचीशी असलेलं वजनाचं प्रमाण, कमरेचा घेर, रक्तदाब मात्र जागच्या जागी.

इथं बरेच जण बातमी मिटून ठेवतील. मला वाटतं, चूक बागेची नाही, वजनकाट्याची आहे. मूल वाढतं आहे. वर्षभरात ते उंच होणार, हाडं भरणार, वजन चढणारच. त्या चढत्या रेषेतून थोड्या जादा भाजीचा परिणाम नऊ महिन्यांत वेगळा काढणं फार अवघड.

टेक्सासमधल्या काही मुलांचं रक्तही तपासलं होतं, ते आकडे २०२३ मध्ये आले. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते प्रयोगातल्या मुलांत दर डेसिलिटरला सुमारे ६.४ मिलिग्रॅमनं घटलं होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी ०.०२ टक्क्यानं उतरला. हा दुसरा आकडा अगदीच चिमूटभर, त्यावर कुणी ढोल वाजवू नयेत. पहिला मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

भाजीचा आणि कोलेस्टेरॉलचा संबंध आतड्यात जुळतो. भेंडीचा, घेवड्याचा, उसळीचा काही चोथा पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. भेंडी चिरताना हाताला लागतो तोच प्रकार. हा चिकट चोथा पित्तातली आम्लं धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. एरवी शरीर ती आतड्यातून परत शोषून पुन्हा वापरतं. ती तुटली, की यकृताला नवी करावी लागतात आणि त्याचा कच्चा माल म्हणजे कोलेस्टेरॉल. यकृत तो रक्तातून ओढून घेतं.

राहिला प्रश्न, मूल ती भेंडी खाईल का? अनोळखी चवीला नाही म्हणणं ही लहानपणाची रीतच आहे, दोन ते सहा या वयात तर जास्तच. त्यातून पालेभाजीला थोडा कडवटपणा. एखादी नवी भाजी मुलानं आपली म्हणायला आठदहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा, ती तोंडात जावी लागते. आई दोनतीनदा करून बघते आणि सोडून देते. तिचंही बरोबर आहे, टाकलेली भाजी शेवटी तिलाच खावी लागते. बागेत मात्र ओळख जेवणाआधीच झालेली असते. बी पेरलं, कोंब आला, पानावर अळी पडली, ती काडीनं उचलली. इतकं झाल्यावर भाजी परकी राहत नाही.

अर्थात नुसती बाग पुरत नाही. लंडनमधल्या २३ शाळांतला अभ्यास २०१४ साली आला, त्यात केवळ बागकामानं मुलांचं फळं-भाज्या खाणं वाढल्याचा फारसा पुरावा मिळाला नाही. ज्या शाळांनी बाग खरोखर अंगावर घेतली, तिथली मुलं मात्र दिवसाला सरासरी ८१ ग्रॅम जास्त खात होती. फीत कापून, फोटो काढून सोडलेल्या बागेतून ताटात काही येत नाही.

आपल्याकडच्या शाळांतल्या परसबागा कुपोषण डोळ्यांपुढे ठेवून आल्या. केंद्रानं २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. लठ्ठपणाशी त्यांचा काय संबंध, असं वाटेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं होतं, की इंग्लंडमधलं बाळ जन्मतः ३.५ किलोचं तर पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतलं २.७ किलोचं, पण आपल्या बाळात कमी पडतात ते स्नायू, चरबी त्या मानानं टिकून असते. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा मुलाला नुसत्या काट्यावर उभं करून काय कळणार?

खरी अडचण मे महिन्यात येते. शाळेला सुट्टी, बोअरला पाणी नाही, जूनमध्ये दार उघडावं तर वाफ्यांत नुसतं वाळलेलं गवत. म्हणून जाणते गुरुजी कुंपणाकडेला शेवगा आणि कढीपत्ता आधी लावून घेतात. एकदा धरला की शेवगा दुर्लक्षही सोसतो, आणि शाळा भरते तेव्हा त्याला कोवळा पाला फुटलेला असतो.