सोड्यासाठी बाटली घ्यावी की केग?

(सोडा गाडी, कोल्ड्रिंक हाउस आणि घरगुती ग्राहकांसाठी)

केग म्हणजे प्रेशर धरणारी, झाकणबंद स्टीलची टाकी. केग म्हटलं की बिअरच डोळ्यांसमोर येते. या पत्रकातला केग साध्या सोड्याचा आहे. परवान्याशिवाय बिअर बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे आणि त्यासाठी आम्ही सामान देत नाही.

गिऱ्हाईक सोडा तुमच्यासमोर उभं राहून पितं की घेऊन जातं, एवढं आधी ठरवा. समोर ग्लास भरून देत असाल आणि दिवसाला ऐंशीएक ग्लास उठत असतील, तर १९ लिटरचा केग परवडतो. त्यात १८ लिटर पाणी भरलं की २०० मिलीचे ९० ग्लास होतात, फेस-सांड धरून ८० ते ८५. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावणाऱ्यांना तर केगच सोयीचा; तिथे बाटल्या धुणार कुठे? दुकानांना माल पोचवायचा असेल तर मात्र बाटलीला पर्याय नाही. सीलबंद बाटलीला एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर, बॅच, तारीख, एमआरपी हे सगळं लेबल लागतं, तो खर्च आधीच धरा.

दोन्हीकडे खरा खेळ थंडाव्याचा आहे. चांगल्या झणझणीत सोड्यात लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम गॅस (कार्बन डायऑक्साइड) असतो. पाणी ५ अंशांवर असेल तर ३० पौंड (पीएसआय) प्रेशरला तेवढा गॅस मुरतो. तेच पाणी ३० अंशांवर असेल तर ७५ पौंडांच्या वर जावं लागतं. म्हणून ‘गॅस बसत नाही’ अशी तक्रार आली की आम्ही आधी पाण्याचं तापमान विचारतो. आणि भरलेली बाटली मे महिन्यात टेम्पोत ४० अंशांपर्यंत तापली, की आतलं प्रेशर १०० पौंडांच्या घरात जातं. पाण्याची सपाट तळाची बाटली अशा वेळी तळाशी फुगते, कधी फुटते. सोड्यासाठी तळाला पाच पाकळ्या असलेलीच पेट बाटली घ्या, वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा, बूच दरवेळी नवं लावा. पेट बाटली उकळत्या पाण्याने धुऊ नका, आकसते. लिंबू-साखर घातलेला सोडा बाटलीत भरून बाहेर ठेवू नका. तो आंबतो, आपला आपण गॅस धरतो आणि काचेची बाटली असेल तर फुटून हात कापतो.

गोटी सोड्याची बाटली दिसायला झकास, पण ती उलटी धरून भरावी लागते, म्हणजे प्रेशरने गोटी वर रबरी रिंगला चिकटते. रिंग कडक झाली की गॅस रात्रीत जातो. मान अरुंद, आत ब्रश नीट फिरत नाही. हौसेपुरती ठीक.

केग भरायची रीत अशी. पाणी आदल्या रात्री थंड करा. केग भरून झाकण लावा, ३० पौंड द्या, झाकणावरची रिलीफ रिंग ओढून हवा सोडा. असं तीनदा करा. आत हवा राहिली तर तेवढा गॅस कमी मुरतो. मग केग आडवा धरून पाचेक मिनिटं हलवा, सिलिंडर जोडलेलाच ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गळती पाहायला झाकणाच्या कडेला आणि दोन्ही पोस्टना (गॅस आत आणि सोडा बाहेर जायची तोंडं) साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर तिथली ओ-रिंग (रबरी रिंग) बदला. केगपासून नळापर्यंतची नळी आतून ५ मिमीची, किमान ६ मीटर लांब हवी. ग्लासात नुसता फेस येतो तो बहुतेक आखूड नळीमुळे किंवा नळ तापल्यामुळे. प्रेशर कमी करून फेस थांबत नाही, उलट सोडा मवाळ होतो.

केगमध्ये साधा सोडाच भरा. जिऱ्याचा मसाला आत घातला की त्याचं एखादं टरफल पोस्टच्या स्प्रिंगखाली अडकतं, झडप पुरती बसत नाही आणि कनेक्टर (नळीचं टोक) काढल्यावर पोस्टमधून सोडा ठिबकत राहतो. जिरा, लिंबू, सिरप ग्लासातच.

बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर लिटरला २० ग्रॅम सायट्रिक ॲसिडने निघतो. ब्लीचिंग नको, स्टीलला खड्डे पडतात.

२ किलोच्या फूड ग्रेड सिलिंडरमध्ये पाच ते सहा केग होतात, गळती नसेल तर. किती उरलाय ते काट्यावर वजन करूनच पाहा. आत द्रवरूप गॅस आहे तोवर मीटरचा काटा जवळपास तसाच राहतो आणि मग एकदम पडतो. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला, सावलीत ठेवा. बंद खोलीत गळला तर गॅस जड असल्याने खाली साचतो, श्वास कोंडतो. खिडकी उघडी हवीच.

घरच्यासाठी विचारत असाल तर लगेच केग घेऊ नका. सिलिंडर, प्रेशर दाखवणारे दोन मीटर असलेला रेग्युलेटर आणि पेट बाटलीवर बसणारी कार्बोनेशन कॅप (गॅस भरायचं बूच) एवढ्यात काम भागतं. पुढे धंदा सुरू केला तर तोच रेग्युलेटर केगला चालतो. पैसे वाचवायचे तर केग जुना घ्या, ओ-रिंग सगळ्या नव्या टाका. रेग्युलेटर मात्र जुना घेऊ नका.