सुझौच्या जाळीखिडक्या चांदीच्या मिनाकामात: दागिना निवडण्यापूर्वी

चीनमधल्या सुझौच्या जुन्या बागांत भिंतीला जाळीच्या खिडक्या असतात. पलीकडचा बांबू, खडक, पाणी त्यांतून तुकड्यातुकड्यांनी दिसतं. आमच्या लोलकांवरची नक्षी याच जाळ्यांची आहे. तारेची घरं पाडून मिना भरायची पद्धतही चीनमध्ये मुरलेली. मिंग काळातल्या जिंगताई कारकिर्दीचं (१४५०–५७) नाव तिथे या कामाला आजही आहे. तिथे भांडी तांब्याची असतात, आम्ही ९९९ (म्हणजे जवळजवळ शुद्ध) चांदीचा पत्रा घेतो. ९२५ चांदीतलं तांबं भट्टीत काळवंडतं आणि पारदर्शक मिन्याखाली डाग दिसतो.

तडकलेल्या बर्फासारखी जाळी सगळ्यांत जास्त मागितली जाते आणि तीच सर्वांत अवघड आहे. ०.२ मिमी जाड, १ मिमी उंच तार सरळ उभी केली तर भट्टीत आडवी पडते. म्हणून प्रत्येक तुकड्याला किंचित बाक देतो किंवा तो शेजारच्या तारेला टेकवतो. तुमच्या लोलकातली रेघ नीट पाहा, ती पट्टीने ओढल्यासारखी सरळ नसेल. हा दोष समजू नका.

दळलेला मिना धुऊन घरांत भरतो आणि साधारण ८०० अंश सेल्सियसला दोनेक मिनिटं भाजतो. वितळला की तो खाली बसतो, त्यामुळे भरणं-भाजणं चार-पाच वेळा होतं. पाठीलाही मिन्याचा थर हवाच. तो नसेल तर थंड होताना पत्रा वाकतो आणि पुढचा मिना तडकतो. दुसरीकडे घेतानाही दागिना उलटून पाहा.

निळा-हिरवा चांदीवर सुरेख खुलतो. चिनी राजवाड्याच्या खांबांसारखा पारदर्शक लाल मात्र थेट चांदीवर तपकिरी पडतो. त्याखाली सोन्याचा वर्ख घालावा लागतो, म्हणून त्याची किंमत जास्त. चंद्रद्वाराच्या, म्हणजे चिनी बागेतल्या गोल दाराच्या, नक्षीत आत मोठं मोकळं घर मागू नका. मध्ये एखादी फांदी असली की मिना टिकतो.

मिना म्हणजे काचच. रोजच्या वापराची अंगठी आम्ही यात करत नाही, ती आपटतेच. दागिना कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. टूथपेस्ट, लिंबू, अल्ट्रासोनिक मशीन टाळा. कडी तुटली तर सोनाराकडे ज्योतीवर झाळून घेऊ नका, आमच्याकडे पाठवा. टवका उडाल्यास तेवढंच घर भरता येतं, पण अख्खा दागिना पुन्हा भट्टीत जातो. खडे-मोती आधी काढावे लागतात आणि जुन्या रंगाची छटा थोडी बदलू शकते.